श्टॉकहाउझन : काळी पाचवर सत्तर मिनिटं

नादखुळा

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. कोल्हापूर सोडून कोलोनला आलो त्याला अकरा वर्षं झाली (नावात फार फरक नाही, मिसळीत आहे). चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मित्राने मैफलीचं जादाचं तिकीट हातात टेकवलं. "तुमच्याकडचंच काहीतरी आहे," म्हणाला. गेलो. अंधारलेलं सभागृह, मधोमध सहा माणसं गोल करून बसलेली, प्रत्येकासमोर माइक. त्यांनी सूर लावला आणि मग तो सोडलाच नाही.

दहा मिनिटं झाली, आता काहीतरी सुरू होईल म्हणून वाट बघितली. वीस मिनिटं झाली तरी सूर तोच. पंचविसाव्या की तिसाव्या मिनिटाला त्या आवाजाच्या वर बारीक शिट्टीसारखं काहीतरी चढता-उतरताना ऐकू यायला लागलं, आणि सहा जणांपैकी ते कोण गातंय तेच कळेना. आई रियाजाला बसायची तेव्हा मी लहानपणी तानपुऱ्याच्या भोपळ्याला कान लावून झोपायचो. डिट्टो तेच.

त्या रचनेचं नाव 'श्टिमुंग'. १९६८ची. करणारा कार्लहाइन्झ श्टॉकहाउझन. जर्मनमध्ये श्टिमुंग म्हणजे वाद्य सुरात लावणं, आणि मनाची अवस्थासुद्धा. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज नाही. "आज सूर लागलाय" म्हणताना आपण दोन्ही एकदमच म्हणतो.

सत्तर मिनिटांत एकच स्वरसमूह आहे. खर्जाचा सा साधारण ५७ हर्ट्झचा धरलाय, म्हणजे पेटीवरच्या काळी पाच पट्टीच्या किंचित खाली. तो सा कोणी गात नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट, सातपट आणि नऊपट कंपनांचे स्वर गायचे. हिशोब करून बघा : सा, प, वरचा सा, ग, कोमल नि, रे. संपलं. बाकी सगळा खेळ तोंडाच्या आकाराचा. उ-ओ-आ-ए-ई असं फिरवत गेलं की एकाच स्वराच्या पोटातले वरचे स्वर एकेक करून उजेडात येतात. मधूनच कोणीतरी जगभरच्या देवदेवतांपैकी एखादं नाव पुकारतं आणि बाकीचे हळूहळू त्या नावाच्या लयीत मिसळतात. असे ५१ टप्पे.

हे सुचलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते. त्या हिवाळ्यात तो अमेरिकेत कनेटिकटमधल्या मॅडिसनला राहत होता. बाहेर पाणी गोठलेलं, घरात दोन तान्ही पोरं. रात्री मोठ्याने गाऊन बघायची सोय नाही, पोरं उठतील. म्हणून तो गुणगुणायला लागला. गुणगुणताना स्वतःच्याच कवटीत हे वरचे स्वर घुमताना ऐकू आले आणि त्याने हातातलं ठरलेलं काम बाजूला ठेवलं.

आता माणूस. जन्म २२ ऑगस्ट १९२८, कोलोनजवळच्या म्योड्राथचा. बाप गावोगाव बदल्या होणारा शाळामास्तर. आई गर्ट्रुड पियानो वाजवायची, गायची. पोरगा चार वर्षांचा असताना तिचं मन ढासळलं आणि तिला मनोरुग्णालयात ठेवलं ते कायमचं. नाझींच्या लेखी असे रुग्ण म्हणजे फुकट खाणारी तोंडं. १९४१मध्ये हाडामारच्या संस्थेत वायूच्या कोठडीत ज्या दहा हजारांहून जास्त रुग्णांना मारलं, त्यांत ती होती. घरी पत्र आलं ते रक्ताच्या कर्करोगाने गेली असं. पोरगा बारा वर्षांचा. पुढे १९४४मध्ये, सोळाव्या वर्षी, तो युद्धाच्या इस्पितळात स्ट्रेचर उचलायला लागला. बाप आघाडीवर गेला तो परतला नाही.

युद्धानंतर पोटासाठी याने काय केलं नाही? बारमध्ये जॅझ पियानो वाजवला, एका जादूगाराबरोबर गावं फिरला. जादूगार काय करणार ते ऐनवेळी ओळखून वाजवायचं! त्याच काळात कोलोनच्या संगीत महाविद्यालयात शिकत होता. १९५१ला डार्मश्टाटच्या उन्हाळी शिबिरात फ्रेंच संगीतकार मेसियाँच्या एका रचनेची ध्वनिमुद्रिका ऐकली, त्यात प्रत्येक स्वराला स्वतःचा काळ, स्वतःचा जोर. हा म्हणाला, हे तर आकाशातल्या ताऱ्यांसारखं आहे. आणि तिथून सुटला.

त्याचं म्हणणं मला कळलं तसं सांगतो. स्वर म्हणजे चाल बांधायची वीट नव्हे. त्याला आतली बाजू आहे. आत शिरा.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो, जेवायची वेळ झाली.

मिरजेची_सून

वाचतेय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

नादखुळा, तुम्ही लिहिलेली स्वरांची यादी बघून अंगावर काटा आला. ही तर आमच्या तानपुऱ्याची आतली यादी! तारा लावतो आपण फक्त पंचमाची आणि षड्जाच्या. तरी जवारी (घोडीवर तार टेकते तिथली घासणी) नीट काढलेली असेल तर खर्जातून गंधार आपोआप बोलतो. स्वयंभू गंधार. तो कोणी लावलेला नसतो. सासरे गेल्यापासून आमच्या घरचा तानपुरा जवारीला पाठवलाच नव्हता, गेल्या वर्षी पाठवला. कारागिराने घोडी घासली, ताराखालचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवत बसला, कान लावून, अर्धा तास. शेवटी म्हणाला, "आता बोलतोय बघा." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दोरा कशाला असतो.

निषादाबद्दल मात्र शंका आहे. सातपट कंपनांचा निषाद आपल्या कोमल निषादाशी जुळतो का?

ठेकेदार

धागा छान, लेखकाची कळकळही पोचली. पण मोकळेपणाने विचारतो. सत्तर मिनिटं एकच सूर? यात ताल कुठाय? सम कुठे? तुम्ही म्हणताय त्यावरून उत्सुकतेने याचं एक पियानोचं काम ऐकलं. पायरीवरून भांडी पडावीत तसं. मान डोलवायला जागाच नाही. आम्ही ठेक्यावर जगणारी माणसं. ज्याला मात्रा मोजता येत नाहीत ते संगीत, हे पटवून घ्यायचं म्हणजे कठीण.

कट्ट्यावरचा_बंड्या

ठेकेदार +१.

हा तोच ना, ज्याने चार हेलिकॉप्टरांत चार व्हायोलिनवाले बसवले? आमच्या सोसायटीत गणपतीत दोन स्पीकर एकदम लागले तर पोलीस येतात.

नादखुळा

जेवून आलो.

@मिरजेची_सून, नाही जुळत. तो आपल्या नेहमीच्या कोमल निषादापेक्षा चांगलाच उतरलेला असतो, पाश्चात्त्य अर्ध्या स्वराच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाने. गायकांना तो उतरलेलाच गावा लागतो. हार्मोनियमवर सापडणार नाही.

@बंड्या, तोच. पण व्हायोलिनवाले दोन, एक व्हिओला आणि एक चेलो. १९९५ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये आर्डिट्टी चौकडीने वाजवलं, श्रोते खाली सभागृहात पडद्यावर बघत होते. त्याला म्हणे स्वप्न पडलं होतं. मजा अशी की वादक पंख्याच्या घरघरीत मिसळतील अशा थरथरत्या स्वरांत वाजवतात, कधी वाद्य कुठलं आणि पंखा कुठला ते कळत नाही. म्हणजे गंमत करायची म्हणून हेलिकॉप्टर नव्हतं, तेही एक वाद्यच होतं. खर्चाचं म्हणाल तर कोणीतरी दिला असणार.

@ठेकेदार, तुमच्या प्रश्नासाठीच थांबलो होतो. ठेका नाही, कारण त्याला तो मुद्दाम नको होता. त्याच्या लहानपणी रेडिओवर सकाळ-संध्याकाळ लष्करी कूच वाजायची. एक-दोन, एक-दोन. सगळा देश त्या ठोक्यावर पाय उचलत होता. एकसारख्या ठोक्याचा आपल्याला तिटकारा का, हे विचारलं तेव्हा त्याने हेच सांगितलंय. ज्या पोराच्या आईला त्या राजवटीने मारलं त्याने सम शोधावी अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. अर्थात तुम्हाला आवडायलाच पाहिजे असं नाही.

आणि लयीबद्दल त्याने विचार केला नाही असंही नाही. उलट फार केला. त्याचा दावा असा : लय आणि स्वर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. सेकंदाला चार ठोके पडले तर लय म्हणतो. तेच ठोके वाढवत सेकंदाला शंभर केले की आपण त्याला स्वर म्हणतो. फरक कानात आहे, ठोक्यात नाही. मंद गतीला नेलं, म्हणजे एक ठोका मिनिटांवर गेला, की त्याला रचनेचा घाट म्हणायचं. घाट, लय, स्वर, नाद, सगळं एकाच दोरीवरचं. 'कोन्टाक्ट' म्हणून १९६०ची त्याची रचना आहे, तिच्या सतराव्या मिनिटाच्या आसपास हे उघड ऐकू येतं. एक कर्कश स्वर वाकडातिकडा होत खाली घसरतो, खाली खाली, मग त्याचे तुकडे पडतात, टक टक टक, आणि प्रत्येक टकचं बोट धरून तो पुन्हा लांब होत स्वर बनतो. एवढं एक मिनिट ऐका, बाकी सोडून द्या.

सप्तकी

लेख चांगला, पण आरती ओवाळणं चाललंय म्हणून थोडं पाणी घालते.

हाच माणूस सप्टेंबर २००१मध्ये, न्यूयॉर्कचे मनोरे पडून आठवडाही झाला नव्हता तेव्हा, हाम्बुर्गच्या पत्रकार परिषदेत त्या हल्ल्याला सगळ्यात मोठी कलाकृती म्हणून बसला. हाम्बुर्गच्या मैफली तिथल्या तिथे रद्द झाल्या. नंतर खुलासा आला की मी ल्युसिफरच्या, म्हणजे सैतानाच्या, कामाबद्दल बोलत होतो. त्याआधी बरीच वर्षं आपलं शिक्षण व्याध ताऱ्यावर झालंय असंही सांगत असे. एकेकाळी त्याचाच मदतनीस असलेल्या इंग्रज संगीतकाराने, कॉर्नेलियस कार्ड्यूने, १९७४मध्ये त्याला साम्राज्यशाहीचा सेवक ठरवणारं अख्खं पुस्तक लिहिलं. हे सगळं गाळून नुसतं "स्वराच्या आत शिरा" सांगितलं तर अर्धवट होतं.

नादखुळा

गाळलं नव्हतं, पोचलो नव्हतो. पण बरं झालं तुम्ही लिहिलंत.

ते वाक्य मूर्खपणाचं होतं, त्यावर रंगसफेदी नको. संदर्भ एवढाच की १९७७पासून २००३पर्यंत तो एकाच कामात बुडालेला होता : 'लिश्ट', म्हणजे प्रकाश. आठवड्याच्या सात दिवसांवर सात ऑपेरा, मिळून जवळपास २९ तास. पात्रं मुळात तीन : मिशाएल, एव्हा आणि ल्युसिफर. पंचवीस वर्षं सैतानाशी रोज गप्पा मारणाऱ्या माणसाला पत्रकारांसमोर तो कोणाच्या तोंडून बोलतोय हेच उरलं नव्हतं की काय, असं मला वाटतं. स्पष्टीकरण आहे, समर्थन नाही.

त्यातल्याच गुरुवारच्या ऑपेरात, १९८१ला मिलानला झालेल्या, मिशाएलच्या आईला वेड्यांच्या इस्पितळात डॉक्टर इंजेक्शन देऊन मारतो. चाळीस वर्षं थांबून त्याने ते पत्र असं उत्तरलं.

व्याध ताऱ्याचं राहू द्या. आपल्याकडे प्रत्येक घराण्यात एखादा स्वप्नात येऊन चीज शिकवणारा पूर्वज असतोच.

जुना_जाणता

धागाकर्त्यांनी अजून एका गोष्टीला हात घातलेला नाही, आणि ती आपल्या दाराशी येऊन पोचते म्हणून लिहितो.

मे १९६८. श्टॉकहाउझनची दुसरी बायको पोरांना घेऊन येणार होती, आली नाही. संसार संपल्यात जमा. हा क्युर्टेनच्या घरी एकटा. खाणं सोडलं. त्या सात दिवसांत सत्प्रेम यांनी लिहिलेलं श्रीअरविंदांचं चरित्र त्याच्या हाताशी होतं, आणि त्याच दिवसांत त्याने पंधरा रचना लिहिल्या ज्यांत एकही स्वर लिहिलेला नाही. नुसत्या सूचना. एकीत म्हटलंय, कसलाही विचार करू नका, आत पूर्ण शांत होईपर्यंत थांबा, मग वाजवा, विचार यायला लागला की थांबा. दुसरीत तर चार दिवस एकांत, उपास, मौन, आणि मग रात्री उशिरा न बोलता एकेक स्वर वाजवायचा. त्याने स्वतः चार दिवसांनी पियानोवर एक स्वर छेडला तेव्हा तो त्याला पूर्वी कधी न ऐकल्यासारखा लागला.

आता हे "विचार थांबव" कुठून आलं? अरविंदांच्या आयुष्यात ते आलं बडोद्याला, सुरत काँग्रेस फुटल्यानंतर लगेच, म्हणजे डिसेंबर १९०७-जानेवारी १९०८च्या सुमारास. आणि शिकवणारे होते विष्णु भास्कर लेले, मराठी योगी. सरदार मजुमदारांच्या वाड्यातल्या वरच्या खोलीत तीन दिवस दोघं बसले. लेले म्हणाले, विचार तुमच्या आत तयार होत नाहीत, बाहेरून येतात, बघा आणि आत शिरायच्या आत परत फेका. अरविंदांनी तसं केलं आणि तीन दिवसांत मन निःशब्द झालं. पुढे १९ जानेवारीला मुंबईत महाजनवाडीत भाषण होतं. डोक्यात एक शब्द नाही, बोलणार काय? लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, भाषण येईल. आलं.

सत्प्रेम यांच्या पुस्तकात हा प्रसंग आहे. साठ वर्षांनी एका उपाशी जर्मन माणसाने ते पुस्तक उघडलं आणि वादकांना लिहून दिलं : थांबा, स्वर येईल. लेले मात्र आपल्यातल्याही किती जणांना ठाऊक आहेत?

मिरजेची_सून

बाप रे. माझ्या आजोळचे लेले आहेत, पण हे कधीच कोणी सांगितलं नाही.

ठेकेदार

जुनाजाणता साहेब, माहिती एक नंबर. पण मग हे आपल्या आलापीपेक्षा वेगळं काय? आमचे बुवाही डोळे मिटून बसतात आणि सूर येतो.

नादखुळा

बुवांना राग माहीत असतो. भूपात मध्यम येणार नाही हे डोळे मिटलेले असतानाही पक्कं ठाऊक असतं. श्टॉकहाउझनला नेमकं तेच नको होतं. वादकाच्या हाताला सवयीने जे येतं ते गळून पडल्यावर काय उरतं, ते त्याला ऐकायचं होतं. म्हणून उत्स्फूर्त वादन हा शब्दही त्याला चालायचा नाही. तो म्हणायचा अंतःस्फूर्त संगीत.

व्यवहारात काय झालं? काही रात्री म्हणे अफाट, काही रात्री कंटाळवाण्या. आणि वादकांमध्ये भांडण लागलं ते वेगळंच. एकही स्वर न लिहिणाऱ्याचं नाव रचनाकार म्हणून छापायचं आणि सगळे स्वर शोधून वाजवणारे आम्ही कोण? प्रश्न रास्त होता. याने नाव सोडलं नाही. हट्टी होताच.

जुनाजाणता, लेल्यांचं मला माहीत नव्हतं. चार दिवस डोक्यातून जाणार नाही आता.

सप्तकी

बडोद्याचं निघालंच आहे तर अजून एक. सूफी गुरू हजरत इनायत खाँ, ज्यांचे नादाविषयीचे विचार श्टॉकहाउझन मुलाखतींत उद्धृत करायचा, तेही जन्माने बडोद्याचेच. मौलाबक्ष यांचे नातू. मौलाबक्ष म्हणजे ज्यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा चालवली आणि आपल्या गाण्याला स्वरलिपीत आणायचा खटाटोप केला ते. म्हणजे एकाच शहरातून दोन वाटांनी माल गेला.

(आरती मी ओवाळत नाहीये, नोंद घ्यावी.)

कट्ट्यावरचा_बंड्या

घेतली.

बीटल्सच्या त्या १९६७च्या गर्दीच्या मुखपृष्ठावर हा आहे म्हणतात, खरं का?

नादखुळा

आहे. सगळ्यात वरच्या रांगेत. कोलोनमधले त्याचे दोन शिष्य, होल्गर चुकाय आणि इर्मिन श्मिट, यांनी पुढे 'कॅन' हा रॉक बँड काढला. म्हणजे तुम्ही जे ऐकता त्यातही तो मागच्या दाराने शिरलेलाच आहे.

तांत्रिक बाजू कोणी विचारली नाही, तरी सांगतो, कारण मी इंजिनियर आहे आणि मला राहवत नाही. १९५३ला तो कोलोन रेडिओच्या नव्या इलेक्ट्रॉनिक स्टुडिओत लागला. साधनं काय? शुद्ध स्वर काढणारं एक यंत्र, जे मुळात मोजमापासाठी होतं, टेपरेकॉर्डर, कात्री आणि चिकटपट्टी. टेप सेकंदाला ७६.२ सेंटीमीटर धावायची. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा स्वर हवा तर पट्टी घेऊन ३८.१ सेंटीमीटर टेप कापायची. काळ फूटपट्टीने मोजायचा! १९५४च्या 'श्टुडिए २'ची स्वरलिपी मी पाहिलीय, आलेखाच्या कागदासारखी दिसते, आणि टेपची लांबी सेंटीमीटरमध्ये लिहिलेली. त्यात त्याने सप्तकच बदललं. आपला सा दुप्पट झाला की वरचा सा येतो. याने पाचपट अंतर घेतलं आणि त्याचे पंचवीस सारखे भाग केले. परिणाम असा की कितीही चढा, वरचा सा नेमका कधी येतच नाही.

दोन वर्षांनी त्याने त्या यंत्राच्या आवाजांत एका बारा वर्षांच्या मुलाचा आवाज मिसळला. 'गेझांग डेअर युंगलिंगे', भट्टीतल्या मुलांचं गाणं. बायबलमध्ये दानिएलच्या पुस्तकात राजा तीन तरुणांना आगीच्या भट्टीत टाकतो आणि ते आत देवाची स्तुती गातात, ती कथा. मुलाचे शब्द तुकडे करून असे विखुरलेत की कधी 'स्तुती करा' कळतं, कधी नुसते व्यंजनांचे फुटाणे. ३० मे १९५६ला कोलोन रेडिओच्या सभागृहात ते वाजलं, स्टेजवर माणूस नाही, नुसते स्पीकर, श्रोत्यांच्या चहूबाजूंनी. तेरा मिनिटांचं आहे. सुरुवात करणाऱ्यांनी इथून करा असं मी सांगेन. भट्टी, पोरगा आणि वर्ष १९४१, हे तिन्ही डोक्यात ठेवून ऐकलंत तर वेगळं ऐकू येईल. त्याने असं कुठे म्हटलेलं नाही, हे माझं ऐकणं आहे.

ठेकेदार

कालपासून तुमच्या त्या लय आणि स्वराच्या दाव्यावर डोकं भणभणत होतं. काल रात्री मुलाच्या संगणकावर बसून प्रयोग केला. सांगतो.

माझ्याच तबल्याचा एक 'धा' रेकॉर्ड केला. तो सेकंदाला एक असा लावला. मग दोन, चार, आठ. आठपर्यंत आपली चौपट-आठपट, नेहमीचं. सोळाला फडफड झाली, कबुतर उडाल्यासारखी. तिथे 'धा' पुरा मावेना म्हणून छाटत गेलो, शेवटी तो धा उरलाच नाही, नुसती सुरुवातीची टक उरली. बत्तीसला घरघर. चौसष्टला, काय सांगू, स्वर! सरळ, जाड, खर्जातला स्वर. जवळजवळ पांढरी एक. मग तुमची काळी पाच आठवली म्हणून मुद्दाम सेकंदाला ५८ केले आणि पेटी काढून ताडून बघितलं. दोन सप्तकं खाली, पण काळी पाचच.

चाळीस वर्षं तबला वाजवतोय. द्रुत लयीत रेला जमून आला की एक गुंजन ऐकू येतं, ते आमचे गुरुजीही म्हणायचे, "आता बोल ऐकू नका, घोष ऐका." मला ती बोलण्याची पद्धत वाटायची.

भांड्यांचा प्रतिसाद मागे घेत नाही. ती पडतातच. पण 'कोन्टाक्ट' सतराव्या मिनिटापासून तीनदा ऐकलं.

जुना_जाणता

ठेकेदार, हा प्रतिसाद या धाग्याचा सम आहे.

दूरस्थ

ओसाकाला १९७०च्या जागतिक प्रदर्शनात जर्मन मंडपात त्याच्यासाठी गोल सभागृह बांधलं होतं ना? त्याबद्दल कोणी लिहील का? तिथे काम केलेल्या एका जपानी गृहस्थांकडून ऐकलं होतं, पण भाषेची अडचण.

नादखुळा

हो. पूर्ण गोळा. श्रोते मधल्या जाळीदार मजल्यावर बसायचे, आवाज पार होणारा मजला. पन्नासएक स्पीकर गोळ्याच्या भिंतीवर वर, खाली, भोवती. आवाज डोक्यावरून फिरून पायाखालून निघायचा. सहा महिने रोज, सुमारे दहा लाख लोकांनी ऐकलं. प्रदर्शन संपल्यावर गोळा पाडला. एवढ्या लोकांनी याला एकदम ऐकलं ते तेव्हाच, आणि त्या गर्दीतले निम्मे तरी बाहेरच्या उन्हाला कंटाळून आत शिरले असणार.

परवा रविवारी क्युर्टेनला जाऊन आलो. बेर्गिश ग्लाडबाखपर्यंत लोकल, पुढे बस. ५ डिसेंबर २००७ला तो तिथेच गेला, रानातल्या दफनभूमीत आहे. वाटेत आल्टेनबेर्ग लागतं, जिथे तो लहानाचा मोठा झाला. तिथल्या मोठ्या चर्चच्या ऑर्गनवादकाकडे पहिले पियानोचे धडे. चर्चमध्ये कोणी नव्हतं म्हणून हळूच एक 'ओ' लावला आणि 'ई'कडे नेला. छताकडून परत आला तेव्हा त्यात गंधार होता. सफाईवाल्या बाईंनी वळून बघितलं, मी खोकल्यासारखं केलं.

सप्तकी

:)

मिरजेची_सून

मी काल संध्याकाळी दिवेलागणीनंतर 'श्टिमुंग' लावलं, मोठ्या स्पीकरवर. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या, वय ८४, ऐकू कमी येतं असं आम्ही समजतो. वीसेक मिनिटांनी हाक आली, "अगं, तानपुरा कोणी काढलाय?"

मी म्हटलं, तानपुरा नाही आई, माणसं गातायत, जर्मनीतली.

थोडा वेळ शांत. मग म्हणाल्या, "चांगली गातायत. पण निषाद उतरलाय, त्यांना सांग."